खर्चाचा वृत्तालेख: टक्के १०१ येताहेत आणि गॅस पॅकिंगपेक्षा मोठा दिसतोय

शेंगाचटणी_सोलापूर

नमस्कार. आमचा बचत गट शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकतो. महिन्याच्या खर्चाचा वृत्तालेख (पाय चार्ट) गटाच्या बैठकीत मांडायचाय. आकडे गोल केलेत, एकूण ७२,००० रु. त्याची फोड:

शेंगदाणे ३२,४००
गॅस आणि वीज ६,०००
ज्वारी-बाजरी आणि दळण १०,८००
तिखट, लसूण, जिरे, मीठ ९,०००
पॅकिंग ७,२००
वाहतूक ३,६००
लेबल छपाई १,८००
फोन रिचार्ज ७००
साफसफाई ५००

याच क्रमानं एक्सेलमध्ये थ्रीडी पाय चार्ट काढला. आता टक्क्यांची बेरीज १०१ येतेय. गॅसची पाकळी पॅकिंगपेक्षा मोठी दिसतेय, खर्च तर उलटा आहे. शेवटच्या तीन पाकळ्यांची नावं एकमेकांवर चढलीत. शिवाय बैठकीत प्रोजेक्टर नसतो, त्यामुळे हाच आलेख ड्रॉइंग शीटवर हातानं काढायचाय. गेल्या वर्षीचा आलेख शेजारी लावला तर चालेल का? गेल्या वर्षी याच महिन्यात एकूण ५०,००० होते, त्यात शेंगदाणे २१,००० आणि पॅकिंग ६,०००.

कोनमापक

ताई, १०१ चं आधी सांगतो. तुमची बेरीज बरोबर आहे. एक्सेल प्रत्येक टक्का वेगवेगळा गोल करून दाखवतं, तिथं हा एक जास्तीचा येतो. मसाला १२.५ आहे, तो १३ दिसतो. लेबल २.५, ते ३ दिसतं. साफसफाई ०.६९, ती १ होते. फोन ०.९७ चाही १. खाली गेला तो एकटा गॅस, ८.३३ चा ८. वर गेलेले आणि खाली आलेले मिळवले की बरोब्बर १ जास्त होतो.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे एक दशांश स्थळ दाखवा: ४५.०, ८.३, १५.०, १२.५, १०.०, ५.०, २.५, १.०, ०.७. बेरीज १००.० येते. दुसरा, पूर्णांकच हवे असतील तर आधी सगळ्यांचे अपूर्णांक कापून टाका (४५, ८, १५, १२, १०, ५, २, ०, ० = ९७) आणि उरलेले ३ ज्यांचा कापलेला अपूर्णांक सगळ्यात मोठा त्यांना एकेक करून वाटा. म्हणजे फोनला १, साफसफाईला १. तिसऱ्यासाठी मसाला आणि लेबल दोघांचा ०.५ सारखा, तो मोठ्या रकमेला द्या, मसाला १३. कुठल्यातरी लहान पाकळीतून एक टक्का गुपचूप कमी करणं मात्र नको, हिशेब तपासणारा तिथंच बोट ठेवतो.

तसं पाहिलं तर तुमचं काम यापेक्षा सोपं आहे. लेबल, फोन, साफसफाई हे तीन एकत्र करून 'किरकोळ ३,०००' करा. सात पाकळ्या राहतात, पूर्णांकी टक्के ४५, १५, १३, १०, ८, ५, ४ होतात आणि बेरीज आपोआप १००. नावं एकमेकांवर चढायचंही थांबेल. किरकोळची फोड आलेखाखाली एका ओळीत लिहा. एक लक्षात ठेवा, 'किरकोळ' किंवा 'इतर' ही कधीच पहिल्या दोन-तीन मोठ्या पाकळ्यांत येता कामा नये. आली तर गट पाडण्यातच चुकलंय, आणि लोक नेमकं तेच विचारणार की एवढं 'इतर' म्हणजे काय ओ?

आता कोन. दहावीच्या सांख्यिकीतलंच सूत्र आहे: केंद्रीय कोन = घटक ÷ एकूण × ३६०. तुमची एकूण रक्कम नशिबानं झकास आहे. ७२,००० ÷ ३६० = २००, म्हणजे दर २०० रुपयांना एक अंश. शेंगदाणे १६२°, ज्वारी-बाजरी ५४°, मसाला ४५°, पॅकिंग ३६°, गॅस ३०°, वाहतूक १८°, किरकोळ १५°. बेरीज ३६०. पुढच्या महिन्यात एकूण ६८,४५० आली तर अंशाला १९०.१४ रु. धरायचे. प्रत्येक कोन गोल केल्यावर बेरीज ३५९ किंवा ३६१ आली तर तो एक अंश सगळ्यात मोठ्या पाकळीत टाका. १६२ चे १६३ झालेले कोणाला दिसत नाहीत, १५ चे १६ झालेले दिसू शकतात.

गटातल्या बायकांना समजावताना अंश बाजूला ठेवा आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवा. एक मिनिट म्हणजे ६°, तुमच्या हिशेबात १,२०० रुपये. शेंगदाणे २७ मिनिटं, ज्वारी-बाजरी ९, मसाला साडेसात, पॅकिंग ६, गॅस ५, वाहतूक ३, किरकोळ अडीच. तासाची वाटणी केली की बारावी नापास असो की एम.कॉम., सगळ्यांना कळते.

मालदांडी

थ्रीडीचा गोंधळ कुठून येतो ते सांगतो, कारण 'थ्रीडी वापरू नका' एवढंच ऐकून कोणी ऐकत नाही.

थ्रीडी केलं की वर्तुळ तिरकं झुकतं आणि कागदावर लंबवर्तुळ उमटतं. पुढं (घड्याळाच्या ६ जवळ) आणि मागं (१२ जवळ) असलेल्या पाकळ्यांचे कोन फाकतात, डाव्या-उजव्या बाजूचे आवळले जातात. तुमच्या क्रमात शेंगदाणे ०° ते १६२°, लगेच गॅस १६२° ते १९२°, म्हणजे गॅस अगदी पुढ्यात. पॅकिंग २९१° ते ३२७°, म्हणजे डावीकडं वरच्या अंगाला. वर्तुळाची उंची रुंदीच्या निम्मी झाली असं धरून हिशेब केला तर गॅसचा ३०° चा कोन कागदावर ५६° मोजतो आणि पॅकिंगचा ३६° चा कोन जेमतेम २७° भरतो. शिवाय पुढच्या पाकळीला जाडीची कड दिसते, तो रंग फुकटचा मिळतो. मागच्या पाकळीला कड दिसतच नाही. तुमचे डोळे ठीक आहेत, आलेखच खोटं बोलतोय.

एक्सेलमध्ये असं करा:

दोनच स्तंभ निवडा, नाव आणि रक्कम. 'एकूण' ची ओळ निवडीत घेऊ नका. ती घेतली तर अर्धं वर्तुळ, नेमके १८०°, 'एकूण' खाऊन टाकतं आणि बाकी सगळ्यांचे टक्के निम्मे होतात. शेंगदाणे २२ किंवा २३ टक्के दिसले की समजा हीच चूक झालीय.

रकमेच्या सेलमध्ये 'रु.' टाईप करू नका. केलं की तो सेल मजकूर ठरतो, त्याची किंमत शून्य धरली जाते आणि पाकळी गायब. रुपयाचं चिन्ह हवंच असेल तर फॉरमॅट सेल्समधून करन्सी लावा.

आलेख काढायच्या आधी डेटा मेनूतून रकमेवर मोठ्यापासून लहानाकडं सॉर्ट करा आणि 'किरकोळ' ची ओळ शेवटी राहील असं बघा. मग इन्सर्ट, पाय, त्यातला पहिला साधा सपाट प्रकार. पाकळीवर राइट क्लिक करून ॲड डेटा लेबल्स, नंतर फॉरमॅट डेटा लेबल्समध्ये कॅटेगरी नेम आणि पर्सेंटेज या दोन्हींवर टिक. बाजूची रंगांची यादी (लेजेंड) काढून टाका. माणूस रंग बघतो, यादीकडं जातो, परत येतो, तेवढ्यात विसरतो. फॉरमॅट डेटा सिरीजमध्ये अँगल ऑफ फर्स्ट स्लाइस ० ठेवा, म्हणजे शेंगदाणे बाराच्या काट्यापासून सुरू होतात. 'एक्सप्लोड' करून पाकळी बाहेर ओढायचा मोह होतो. ओढलीच तर एकच, ती पण जिच्याविषयी बोलायचंय ती.

आणि आलेखाचं नाव 'मासिक खर्च' ठेवू नका. 'रुपयातले ४५ पैसे शेंगदाण्याला' असं ठेवा. बजेटच्या दिवशी पेपरात रुपयाचं नाणं कापून 'रुपया असा येतो, असा जातो' छापतात ना, तोच प्रकार.

टॉवेलबॉर्डर

मी उलटं विचारतो. वृत्तालेखच कशाला? १९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की एकाच पट्टीवरच्या लांब्या माणूस जितक्या अचूक ताडतो तितके कोन त्याला ताडता येत नाहीत. पॅकिंग ३६° आणि गॅस ३०°, फरक घड्याळातल्या एका मिनिटाचा. सपाट वृत्तालेखातसुद्धा आकडा न लिहिता कोण ओळखणार? आडवा स्तंभालेख काढा, १,००० रुपयांना १ सेंमी. पॅकिंग ७.२ सेंमी, गॅस ६ सेंमी. लांबूनही दिसतं.

गेल्या वर्षीशी तुलना करायला तर दोन वृत्तालेख शेजारी अजिबात लावू नका. तुमचेच आकडे घ्या. पॅकिंग गेल्या वर्षी ५०,००० पैकी ६,०००, म्हणजे १२ टक्के. यंदा ७२,००० पैकी ७,२००, म्हणजे १० टक्के. पाकळी बारीक झाली, बैठकीत सगळे म्हणणार वा, पॅकिंगमध्ये बचत केलीत. प्रत्यक्षात खर्च १,२०० रुपयांनी वाढलाय, २० टक्के वाढ! शेंगदाण्याचंही तसंच. वाटा ४२ वरून ४५, दिसायला तीनच टक्के. रुपयात २१,००० चे ३२,४००, म्हणजे ५४ टक्के जास्त. वृत्तालेख वाटा दाखवतो, रक्कम लपवतो. भाव वाढला की माल जास्त लागला हे तर त्यातून कळणारच नाही, त्यासाठी किलो आणि किलोचा दर असे वेगळे दोन स्तंभ हवेत.

कोनमापक

तुलनेबद्दल पूर्ण सहमत, जोडस्तंभालेखच (दोन्ही वर्षांचे स्तंभ जोडीनं शेजारी) हवा. पण पहिल्या आलेखाबद्दल नाही. 'आपल्या खर्चातला केवढा भाग शेंगदाण्यात जातो' या प्रश्नाला वृत्तालेखाइतकं झटपट उत्तर स्तंभ देत नाही. १६२° ची पाकळी बारापासून निघून सहाच्या तीन मिनिटं अलीकडं थांबते. 'अर्ध्याला थोडं कमी' हे आकडा न वाचता दिसतं. अर्धा, पाव, तिसरा हिस्सा डोळ्याला चटकन कळतो. १८०१ साली विल्यम प्लेफेअरनं छापलेल्या वृत्तालेखात तुर्की साम्राज्याचा प्रदेश आशिया, युरोप, आफ्रिका असा वाटून दाखवला होता. पाकळ्या तीनच. स्तंभालेखही त्याचाच, १७८६ चा, म्हणजे दोघांचं भांडण एकाच घरातलं.

कोणी हट्टच धरला की दोन वृत्तालेख हवेतच, तर निदान आकार तरी बरोबर काढा. रक्कम क्षेत्रफळात दिसली पाहिजे, म्हणून त्रिज्येचं गुणोत्तर रकमांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतकं असतं. ५० ÷ ७२ चं वर्गमूळ ५/६ येतं. यंदाची त्रिज्या १५ सेंमी असेल तर गेल्या वर्षीची १२.५. लोक थेट त्रिज्याच त्या प्रमाणात घेतात, १०.४ सेंमी, आणि मग गेल्या वर्षीचा खर्च यंदाच्या निम्म्याहूनही कमी भासतो.

आता शीटवर हातानं काढायचं. शीट पूर्ण (२२ × ३० इंच) घ्या, त्रिज्या १५ सेंमी. शाळेचा कंपास एवढा उघडत नाही. दोऱ्याला पेन्सिल बांधली तर दोरा ताणतो आणि वर्तुळ अंड्यासारखं होतं. पुठ्ठ्याची पट्टी कापा, १५ सेंमी अंतरावर दोन भोकं पाडा. एकात टाचणी, दुसऱ्यात पेन्सिल.

केंद्रातून बाराकडं सरळ रेघ मारा आणि तीच खाली सहापर्यंत न्या. सगळ्यात जास्त होणारी चूक आता सांगतो. एक पाकळी झाली की तिच्या कडेवर कोनमापक ठेवून पुढची मोजतात. प्रत्येक वेळी अर्धा-एक अंश सरकतो, सातव्या पाकळीपर्यंत सगळी तूट साठते आणि शेवटची पाकळी १५ ऐवजी ११ किंवा १९ होते. १५ सेंमी त्रिज्येवर एक अंश म्हणजे कडेला २.६ मिमी, सहज दिसतो. म्हणून बेरजेचे कोन काढा आणि सगळे त्या उभ्या रेघेपासूनच मोजा: १६२, २१६, २६१, २९७, ३२७, ३४५, ३६०.

कोनमापक अर्धवर्तुळाचा, १८० लाच संपतो. पहिली खूण (१६२) उजव्या अर्ध्यात बारापासून करा. मग कोनमापक डावीकडं उलटवून सहाच्या रेघेपासून मोजा, प्रत्येकातून १८० वजा करून: ३६, ८१, ११७, १४७, १६५. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, आतली आणि बाहेरची. ज्या ओळीचं शून्य तुमच्या सुरुवातीच्या रेघेवर आहे तीच शेवटपर्यंत वाचा. ओळ चुकली तर ३६ च्या जागी १४४ ची खूण पडते.

खुणा झाल्या की पट्टीनं कडेच्या दोन टोकांतलं सरळ अंतर मोजून ताळा घ्या. १५ सेंमी त्रिज्येला ५४° साठी १३.६ सेंमी, ४५° साठी ११.५, ३६° साठी ९.३, ३०° साठी ७.८, १८° साठी ४.७, १५° साठी ३.९. दोन-तीन मिमीचा फरक सोडून द्या, सेंमीचा आला तर परत मोजा.

मालदांडी

कोनमापक नसला तरी जमतं की. ९० सेंमी लांब कागदी पट्टी घ्या, शिवाय डिंकासाठी १ सेंमी जादा. ९० सेंमी म्हणजे ७२,०००, म्हणजे १ सेंमीला ८०० रु. खुणा करा: शेंगदाणे ४०.५ सेंमी, ज्वारी-बाजरी १३.५, मसाला ११.२५, पॅकिंग ९, गॅस ७.५, वाहतूक ४.५, किरकोळ ३.७५. खुणा आतल्या बाजूला ठेवून टोकं चिकटवा, कडं तयार होतं. त्रिज्या साधारण १४.३ सेंमी येते. शीटवर त्याच त्रिज्येचं वर्तुळ काढून कडं त्यावर बसवा, खुणा उतरवा आणि केंद्राशी जोडा. बायकांसमोर हे केलं तर लांबीची पट्टी आणि गोल आलेख एकच आहेत हे आपोआप समजतं.

उजनीकाठ

वृत्तालेख कुठं काढूच नये याची आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली उदाहरणं देतो, पुढं उपयोगी पडतील.

उजनी धरण. मृतसाठा (तळाचं, एरवी न वापरायचं पाणी) ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट), उपयुक्त साठा ५३.५७, मिळून ११७.२३. धरण बरोबर १०० टक्के असताना या दोन भागांचा वृत्तालेख बिनचूक आहे, १९५.५° आणि १६४.५°. पण रोज पेपरात येणारे टक्के फक्त उपयुक्त साठ्याचे असतात. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की 'उजनी उणे'. उणे २० टक्के म्हणजे मृतसाठ्यातून १०.७ टीएमसी कमी, धरणात अजून सुमारे ५३ टीएमसी पाणी आहे. या उणे २० ची पाकळी कशी काढणार? गुगल शीट्स सरळ नकार देतं. एक्सेल त्याहून वाईट, ते उणे चिन्ह गिळून अधिक २० ची पाकळी काढून देतं आणि काही सांगत नाही. पावसाळ्यात टक्के शंभराच्या वर गेले तरी तीच अडचण. इथं रेषालेख हवा, शून्याची आडवी रेघ ठळक.

तालुके अकरा. उत्पन्नाच्या वाट्याचा वृत्तालेख काढला तर अकरा पाकळ्या आणि अकरा रंग. आडवे स्तंभ लावा. पावसाचं तर त्याहून वाईट. बार्शीचे मिमी आणि सांगोल्याचे मिमी यांची बेरीज करून काहीच निघत नाही. ज्याच्या 'एकूण' ला अर्थ नाही त्याचा वृत्तालेख होत नाही. सरासरी, दर, तापमान, गुणांची टक्केवारी सगळं यातच आलं.

तिसरं थेट तुमच्या कामाचं. गड्डा यात्रेत होम मैदानावर स्टॉल लावून समजा ५० गिऱ्हाइकांना विचारलं, कोणती चटणी आवडते, एकापेक्षा जास्त सांगितल्या तरी चालेल. शेंगा ४०, लसूण २२, जवस १८, कारळ १५ अशी उत्तरं आली. बेरीज ९५, माणसं ५०. वृत्तालेख काढला तर शेंगा चटणी ४२ टक्के दिसते. खरं तर ५० पैकी ४० जणांना, म्हणजे ८० टक्के लोकांना ती आवडलीय. स्तंभालेख काढा आणि खाली 'एकूण ५० जण, एकाहून अधिक उत्तरं' असं लिहा.

शेंगाचटणी_सोलापूर

सगळ्यांचे आभार. सात पाकळ्या, सपाट, बारापासून, असं ठरवलं. तुलनेसाठी वेगळा जोडस्तंभालेख. एक राहिलं. गटातल्या प्रत्येकीला झेरॉक्स द्यायचीय, ती काळी-पांढरी. लाल-हिरवा वेगळा दिसेना. आणि वाहतूक, किरकोळ यांत नाव मावत नाही.

कोनमापक

झेरॉक्समध्ये गडद लाल आणि गडद हिरवा दोन्ही एकसारखे राखाडी होतात, रंगांवर भिस्त ठेवू नका. शेंगदाणे गडद भरा, बाकीच्या पाकळ्यांना एक आड एक पांढरं आणि रेघांचं भरण द्या, रेघा ३-४ मिमी अंतरावर. मधल्या कडा २ मिमी कोऱ्या सोडा. २०° च्या आतल्या पाकळीचं नाव बाहेर लिहा आणि छोटी रेघ मारून जोडा. नाव नेहमी आडवं, पाकळीबरोबर तिरकं फिरवू नका, मान वाकडी करून कोण वाचत नाही. प्रत्येक नावाखाली टक्के आणि रुपये दोन्ही लिहा: 'पॅकिंग, १०%, ७,२०० रु.' शीटवर अक्षर निदान २ सेंमी उंच. झेरॉक्सला देताना त्या मोठ्या शीटचा मोबाईलवरचा फोटो देऊ नका, कडेनं काढलेल्या फोटोत वर्तुळ परत झुकतं आणि थ्रीडीची सगळी भानगड मागल्या दारानं आत येते. एक्सेलमधलाच आलेख ए-४ वर काळ्या-पांढऱ्यात छापा आणि त्याच्या प्रती काढा.